‘टोप्या नाहीत,’ असं मी सांगितलं

साताऱ्यातल्या ज्या दुकानात मी बावीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या, त्या जागी आता चपला विकतात. जुनी माणसं रस्त्यात थांबवून म्हणतात, "दस्तगीरमिस्त्री, वाईट वाटत असंल न्हाई?" वाईट वाटत नाही. राग येतो, पण तो दुकान गेलं म्हणून नव्हे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं की बंदुकीच्या धंद्यातल्या काही गमती लिहा, वाचकांना आवडतील. गमती पुष्कळ आहेत. काडतुसं चुलीवरच्या फळीवर ठेवणारे वकील मी पाहिलेत, आणि नळीत उंदरानं केलेलं घरटं पाहून "तरीच बार लागत नव्हता" म्हणणारे शिकारीही पाहिलेत. पण लिहायला बसलो की हात तिकडं वळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षाकडंच वळतो. तेव्हा तेच सांगतो.

आम्ही शिकलगार, मूळचे सांगलीचे. आजोबा तलवारींना पाणी द्यायचे. वडिलांच्या वेळेला तलवारी भिंतीवर गेल्या, म्हणून ते विळे, कात्र्या आणि अडकित्ते करायचे. मला बंदुकीचा नाद लागला आणि विशीत मी साताऱ्याला गोविंदशेटांच्या दुकानात मिस्त्री म्हणून लागलो. शेट पुढं बसायचे, मी मागं शेगडी आणि कानशी घेऊन.

ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं, की त्या काळी दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. एक काडतुसाच्या बंदुकीची. ही बंदूक मधे मोडायची, तयार विलायती काडतूस आत घालायचं आणि मिटायची. ती असायची इनामदार, वकील, बागाईतदार, पाचगणीचे साहेब यांच्याकडं. दुसरी ठासणीची. तिच्यात नळीच्या तोंडातून दारू घालायची, गजानं ठासायची, मग शिसं घालायचं. नळीच्या मागच्या टोकाला बारीक भोकाची एक तोटी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. टोपी म्हणजे शर्टाच्या बटणाहून लहान. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपी पेटते, ठिणगी तोटीतून आत जाते आणि बार होतो. दारू, शिसं, लोखंड सगळं असलं आणि एवढीशी टोपी नसली, तर ती बंदूक म्हणजे लाकूड.

ठासणीच्या बंदुका असायच्या मेढ्याकडच्या, जावळीतल्या डोंगरी वाड्यांवर. अख्ख्या वाडीत एक. शिकारीसाठी नाही, डुकरांसाठी. नाचणी आणि वरी भरात आली की रानडुकरांचा कळप खाली उतरतो, आणि एका रात्रीत जेवढं खातो त्याच्या तिप्पट लोळून आडवं करतो. हाका मारून, पत्र्याचे डबे बडवून ती दोन दिवस भितात. तिसऱ्या दिवशी डबा वाजवणाऱ्याकडं मान वर करून बघतात आणि खात राहतात. बार झाला तरच पळतात.

मेढ्याच्या वर दीड तासाच्या चढावर एक वाडी होती. तिथली बंदूक बयाजी सपकाळच्या नावावर होती. दरवर्षी गौरी-गणपती झाले की बयाजी डोंगर उतरून साताऱ्याला यायचा. घोंगडीत गुंडाळलेली बंदूक माझ्यापुढं ठेवायचा. मी ती उघडून, पुसून, तेल घालून द्यायचो. मग तो टोप्यांच्या दोन डब्या घ्यायचा, कमरेच्या कशात, म्हणजे कापडी पिशवीत, बांधायचा आणि जायचा. बोलणं थोडं. एकदा त्यानं घरची वरी आणली होती आणि म्हणाला, "मिस्त्री, ही तुमच्या हातानं राखलेली हाय. खावा." मला शेटांनी कधी दिलेल्या बक्षिसापेक्षा ते मोठं वाटलं होतं.

लढाई सुरू होऊन दीडएक वर्ष झालं तेव्हा होळीच्या सुमाराला बातमी उठली. कुठून उठली ते मला आजतागायत कळलं नाही. सरकार परवान्यावरची काडतुसं निम्मी करणार. नंतर झालं, बंदच करणार. नंतर झालं, बंदुकाच कचेरीत जमा करून घेणार. विलायती मालाच्या बोटी कमी झाल्या होत्या हे खरं. बाकी सगळी तोंडची वाफ. पण चार दिवसांत दुकानापुढं अशी गर्दी झाली की मला मागचा दरवाजा लावून काम करावं लागलं.

कोण आलं नाही? पेन्शनीत निघालेले एक हेडक्लार्क आले. त्यांच्याकडं वडिलांची बंदूक होती आणि त्यांनी जन्मात बार काढला नव्हता. शंभर काडतुसं मागितली आणि जाताना हळूच मला विचारलं, "यातली पुढची बाजू कोणती?" एक इनामदारीणबाई गाडीतून उतरल्या आणि विचारू लागल्या की घरातल्या सासऱ्यांच्या तलवारीवरही बंदी येणार असेल, तर आणखी दोन तलवारी आताच मिळतील का. तेव्हा मी हसलो होतो. आता नाही हसत. त्यांतल्या एकाच्याही घरावर डुक्कर चालून येणार नव्हतं. त्यांना माल नको होता. आपल्याला मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, एवढंच हवं होतं.

मग रावसाहेब आले. त्यांचं नाव लिहीत नाही, घरची माणसं अजून आहेत. कृष्णाकाठी त्यांचा ऊस होता आणि पाचगणीला बंगला. तीन बंदुका, सगळ्या काडतुसाच्या. त्यांनी टेबलावर सहा परवाने टाकले, आपला, भावाचा, मुलांचे आणि शेतावरच्या दोन राखणदारांचे. काडतुसं होती ती सगळी घेतली. मग काचेच्या कपाटाकडं बोट केलं.

"त्या डब्या कसल्या?"

"ठासणीच्या टोप्या, साहेब," मी म्हणालो. "तुमच्या बंदुकीला चालत नाहीत."

"राखणदाराकडं ठासणीची आहे. किती आहेत?"

"एक लागेल त्यांना. फार तर दोन डब्या."

"मी किती लागतील ते विचारलं नाही, मिस्त्री. किती आहेत?"

शेटांनी माझ्याकडं पाहिलं. मी किल्ली घेतली. कपाट उघडलं आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या डब्या माझ्या हातानं त्यांच्या चामडी पिशवीत घातल्या. सगळ्या. ते मी विसरलेलो नाही, आणि कुणी विसरायला सांगू नये.

रावसाहेब गेल्यावर मी शेटांना म्हणालो, "डोंगरातली माणसं पावसानंतर येतील. त्यांना काय द्यायचं?"

"तोवर माल येईल."

"नाही आला तर?"

"तर बोटी आल्या नाहीत म्हणून सांगायचं. खोटं थोडंच आहे?" मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "आणि दस्तगीर, एका गिऱ्हाइकानं काय नेलं ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. धंदा बसतो."

माल आला नाही.

गौरी-गणपती झाले आणि बयाजी आला. बंदूक पुढं ठेवली. मी पुसून दिली. त्यानं नेहमीसारखा कसा सोडला आणि दोन बोटं वर केली.

"टोप्या नाहीत," मी म्हणालो.

"न्हाईत म्हंजी?"

"बोटी आल्या नाहीत. लढाई चालली आहे ना."

"आवं पन दोन डब्या, मिस्त्री. एक द्या. आरधी द्या. औंदा नाचनी लय झ्याक हाय."

"असत्या तर दिल्या नसत्या का?"

शेट पुढंच बसले होते. बयाजीनं काचेच्या कपाटात वाकून पाहिलं. रिकाम्या फळीवर डब्यांच्या गोल खुणा धुळीत अजून दिसत होत्या. तो म्हणाला, "बोट यील कवा?" मी म्हणालो, सांगता येत नाही. घोंगडी खांद्यावर टाकून तो गेला.

मी काहीच केलं नाही असं नाही. त्याच आठवड्यात बहिणीकडं सांगलीला गेलो होतो. तिथल्या बंदूकवाल्याकडं गेलो, तो माझ्या वडिलांच्या ओळखीचा. हळदीच्या पेठेत जागोजाग तीच बातमी, तीच घाई झालेली. त्याच्याकडं तीन डब्या उरल्या होत्या. तो म्हणाला, "दस्तगीर, सांगली संस्थानात आहे, सातारा इंग्रजांत. हा माल हद्दीपलीकडं तुझ्या हाती दिला तर दोघंही आत जाऊ. परवानेवाल्याला इथं पाठव, बघू." जावळीतला माणूस नाचणी सोडून सांगलीला कधी येणार?

मग रावसाहेब बंदूक साफ करायला आले तेव्हा मी शेटांची पाठ वळल्यावर बोललो. "साहेब, त्या टोप्यांतल्या दोन डब्या परत द्याल का? एका वाडीचं पीक आहे."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, "आज तुला दोन दिल्या तर उद्या आणखी दहा जण येतील. आणि सरकारनं खरंच बंद केलं, तर मला कोण देईल? तू?"

दसरा होऊन गेल्यावर एक बाई दुकानाच्या मागच्या दारानं आली. डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला. तिच्या हातात ती घोंगडी होती, म्हणून मी ओळखलं. बयाजीची बायको, सगुणाबाई. तिला मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मिस्त्री तुमीच का? ही बगा."

मी घोंगडी सोडली. बंदुकीचा दस्ता मुठीच्या जागी फुटला होता. तोटी उडून गेली होती. लाकडात काळपट सुकलेलं काहीतरी होतं.

तिनं उभ्याउभ्या सांगितलं. टोप्या न्हाईत म्हणून बयाजीनं काडेपेटीच्या काड्यांच्या गुलावर भागवायचं ठरवलं. गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं की होतं तसं. दोनदा झालंही. तिसऱ्या दिवशी पहाटे फटफटताना डुकरं बांधावर आली. त्यानं चाप ओढला. घोडा पडला, बार झाला नाही. थोडं थांबून, विझलं असं समजून त्यानं बंदूक जवळ घेतली आणि वाकून बघायला लागला. आत धुमसत होतं. तेवढ्यात बार झाला, आणि तोही मागं.

"उजवा डोळा गेला. दोन बोटं गेली. सातारच्या दवाखान्यात हायती, आता ताप न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन त्याच दिवशी डुकरांनी सगळी नाचनी लोळवली. तिकडं बगायला हुतंच कोन? समदी त्यास्नी झोळीत घालून खाली धावली."

"बंदूक आत्ताच दुरुस्त करायची?" मी कसंबसं विचारलं.

"मग कवा? वरी अजून उबी हाय की."

ती गेली आणि मी शेटांपुढं जाऊन ती फुटकी बंदूक त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. नंतर म्हणाले, "दुरुस्तीचं काही घेऊ नकोस." मला वाटलं, बंदूक उचलून त्या काचेच्या कपाटावर मारावी. मारली नाही. बायकोमुलं होती. पण त्या दिवसापासून मी त्यांना मालक म्हटलं नाही, नुसतं शेट म्हणालो. एवढाच माझा सूड. लिहायलासुद्धा लाज वाटते.

बंदूक आठ दिवसांत उभी केली. दस्ता नवा बसवला, तोटी नवी घडवली. रावसाहेबांची एक बंदूक तयार होती, ती पाचगणीला पोचवायची होती. दुकानाची चिठ्ठी घेतली, दोन्ही बंदुका घेतल्या आणि वाईवरून सर्व्हिस मोटारीनं वर गेलो.

रावसाहेब व्हरांड्यात चहा घेत होते. त्यांची बंदूक मी त्यांना दिली. मग दुसरी सोडली.

"ही कुणाची?"

"मी ज्यांच्यासाठी दोन डब्या मागितल्या होत्या ना, त्यांची." मग मी सगळं सांगितलं, डोळा, बोटं, नाचणी. आवाज चढला होता. आतून त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली.

रावसाहेब कप खाली ठेवून म्हणाले, "वाईट झालं. पण यात माझा काय दोष? मी परवान्यावर घेतल्यात."

"दोष नंतर बघू. टोप्या द्या."

बाईच बोलल्या. "द्या ना हो. कोपऱ्यात पडल्यात नुसत्या."

नोकरानं बंगल्यामागच्या खोलीतून ट्रंक आणली. पाचगणीचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला सांगायला नको. त्या खोलीच्या भिंती अजून ओल्या होत्या. ट्रंक उघडली. काडतुसांच्या खोक्यांना बुरशी लागलेली. टोप्यांच्या डब्या गंजून झाकणं चिकटलेली. मी एक डबी चाकूनं उचकटली. आत तांब्यावर हिरवा जंग चढलेला.

मी बयाजीची रिकामी बंदूक घेतली, नळी अंगणाकडं केली, एक टोपी तोटीवर बसवली आणि चाप ओढला. टक्. दुसरी लावली. टक्. तिसरी. टक्. रावसाहेब म्हणाले, "कळलं, कळलं." मी थांबलो नाही. डबीतल्या निम्म्याअधिक टोप्या त्यांच्यासमोर एकेक लावून पाहिल्या. मधेच एखादी तडकन पेटायची आणि त्यांच्या बायकोच्या अंगावर काटा यायचा. मग पुन्हा टक्, टक्, टक्. चहा निवून गेला.

शेवटी ते खुर्चीतून उठले. "घेऊन जा सगळ्या. मला काय करायच्यात?"

हे वाक्य आठवलं की आजही माझ्या कानशिलाची शीर उडते. मला काय करायच्यात! त्यांना काही करायच्याच नव्हत्या, पहिल्या दिवसापासून. मी त्यांच्या तोंडावर तसं म्हणालो. ते आत निघून गेले. शेटांकडं माझी तक्रार आली, पण शेटांनी मला ती दाखवली आणि खिशात ठेवून दिली. ते त्यांचं भलेपण म्हणायचं की भीती, मला ठरवता आलं नाही.

ट्रंकेतल्या टोप्या मी निवडल्या. ज्यांना जंग लागला नव्हता अशा जेमतेम दोन डब्या भरल्या. बंदुकीबरोबर त्या सगुणाबाईला दिल्या, कुठून आणल्या ते मात्र सांगितलं नाही. राहिलेली वरी सगुणाबाईनं राखली. बयाजीनं नव्हे. दवाखान्यातून आल्यावर त्याचा हात बंदुकीला लागायचा नाही, बार ऐकला की तो खाली बसायचा. बंदूक बाईनंच धरली. पुढच्या वर्षी मेढ्याच्या कचेरीत तिनं परवान्यावर स्वतःचं नाव घालून मागितलं. तिथले लोक हसले म्हणे. ती चार दिवस कचेरीच्या पायरीवर बसली आणि नाव घालून घेऊनच उठली.

बंदी वगैरे काही आली नाही, टोप्यांवर तर नाहीच. पुढच्या पावसाळ्याआधी मुंबईहून माल आला, कमी आला पण आला. काचेच्या कपाटात डब्या पुन्हा रांगेत लागल्या. गौरी-गणपती झाले आणि सगुणाबाई बंदूक घेऊन आली. मी ती उघडली, साफ केली. दोन डब्या तिच्यापुढं ठेवल्या. मग माझ्यानं राहवलं नाही. वर्षभर न सांगितलेलं सांगून टाकलं.

"बाई, गेल्या साली बयाजी आला तेव्हा टोप्या संपल्या नव्हत्या. बोटींचं खोटं होतं. त्या सगळ्या पाचगणीच्या रावसाहेबांकडं होत्या. मीच माझ्या हातानं त्यांच्या पिशवीत घातल्या होत्या."

मला वाटलं ती रडेल किंवा शिव्या देईल. दोन्ही मी सोसलं असतं. तिनं डब्या कशात बांधल्या, गाठ मारली आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"घातल्या त्याचं काय न्हाई. तुमी नोकर मानूस. मालकानं सांगितलं, घातल्या. पन तुमी आमाला सांगितलं का न्हाई?"

"मी साहेबांना मागितल्या होत्या. सांगलीलाही..."

"त्येन्ला मागितल्या. आमाला का न्हाई सांगितलं? आमचं धनी गेलं असतं की पाचगनीला. बंगल्याच्या दारात बसलं असतं. म्या बसले असते. समदी वाडी बसली असती. घेऊनच उठलो असतो." तिचा आवाज चढला नाही. "तुमी म्हनला, न्हाईत. बोट आली न्हाई. आता समिंदराच्या दारात जाऊन मानूस कसा बसंल, मिस्त्री?"

ती मागच्या दारानं गेली. पुढच्या वर्षापासून ती पलीकडच्या पेठेतल्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. एकदोनदा रस्त्यात दिसली, खांद्यावर घोंगडी, पुढं बघत चाललेली. हाक मारायचं धाडस झालं नाही.

मी त्या दुकानात आणखी बारा वर्षं काढली. माल तुटायचा, बातम्या उठायच्या, मोठी माणसं सहा-सहा परवाने टेबलावर टाकायची. ते काही थांबलं नाही, मला थांबवता आलं नाही. पण त्यानंतर डोंगरातलं कुणी आलं आणि कपाट रिकामं असलं, तर मी 'नाहीत' म्हणालो नाही. शेटांनी दोनदा ताकीद दिली, एकदा पगार अडवला. तरी पुढं बसलेल्या शेटांना ऐकू जाईल अशा आवाजात मी नाव सांगायचो, पेठ सांगायचो, दाराचा रंगसुद्धा सांगायचो. "त्याच्याकडं आहेत. जा, दारात बसा."

काही जण खरंच जाऊन बसले. काहींना मिळाल्या.